गुरुवारचं लिनक्स

लिनक्स आणायला एसटीनं अमरावतीला जावं लागतं, हे ज्या घरात सगळ्यांना पटलं, त्या घरातली ही गोष्ट. हसू नका. त्या घरात बावळट कोणी नव्हतं. बाळापूर रोडला त्यांची गुलाब-शेवंतीची तीन एकरांची बाग, अकोल्याच्या बाजारात हारफुलांचं दुकान, आणि तीन पिढ्यांचा एक धडा पक्का: वाण आणायचं तर स्वतः जाऊन, डोळ्यांनी पाहून, हातात धरून आणायचं. दुसऱ्याच्या भरवशावर मागवलं की मेलं म्हणून समजा. तोच धडा त्यांनी लिनक्सला लावला, एवढंच. सून प्रतीक्षा हिला खरं काय ते माहीत होतं, आणि ती गप्प बसली.

प्रतीक्षा अंजनगाव सुर्जीची. अमरावतीला हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटरची बी.एस्सी. झालेली, तीही पहिल्या वर्गात. चार वर्षांपूर्वी डाबकी रोडवरच्या ह्या घरात कुंदनची बायको म्हणून आली आणि तिची डिग्री कपाटात शालूखाली जाऊन बसली. पोरगी शिकलेलीच पाहिजे म्हणणारे लोक, शिकलेलीचं पुढं काय करायचं ते ठरवून ठेवत नाहीत. तसा तिला जाच कोणाचाच नव्हता. सासरे गोवर्धनराव म्हणजे गरीब गाय. सासू मनकर्णाबाई तोंडाची फटकळ, पण पोटात काही ठेवणारी नव्हे. आणि कुंदन दारूला शिवत नव्हता, तंबाखूचा खर्रा खात नव्हता. त्याला व्यसन एकच, कॅमेऱ्यांचं.

दोन वर्षांपूर्वी गल्लीत एक चोरी झाली आणि कुंदननं घरात चार कॅमेरे बसवले. एक दारावर, एक अंगणात, एक बैठकीच्या खोलीत आणि एक स्वयंपाकघरात. स्वयंपाकघरात काय चोरणार, भाकरी? पण आई एकदा गॅस चालू ठेवून झोपली होती म्हणे, म्हणून तोही. कुंदन दुकानावर हार गुंफायचा आणि समोर मोबाईल टेकवून घर पाहायचा. मग प्रतीक्षाचा फोन वाजायचा. "दूध पाय, उतू चाललं." "दारावर कोण होतं वो आत्ता?" "दुपारी दीड घंटा पडून होती, बरं नाही का तुले?" सगळं मायेनंच बरं का, आवाज कधी चढलेला नाही. पण बिचारी स्वतःच्या स्वयंपाकघरात पाठ खाजवायचीसुद्धा इकडंतिकडं पाहून. गाणं गुणगुणायची ती बंद झाली. दुपारी डोळा लागलाच तर दचकून उठायची आणि उठल्यावर केर काढायला घ्यायची, काढलेलाच केर.

एका दुपारी लाईट गेली आणि परत आली ती अशी जोरात आली की कॅमेऱ्यांचं सगळं साठवणारा तो काळा डबा फट् करून जळाला. चारही कॅमेरे आंधळे. कुंदन दोन दिवस जेवला नाही धड. नवा डबा महाग सांगत होते. तिसऱ्या दिवशी त्यानं प्रतीक्षाला विचारलं, "तू कॉम्प्युटर शिकली ना? दुकानातला जुना कॉम्प्युटर पडून आहे. त्याचं काही नाही का बनवता येत?"

चार वर्षांत त्या घरात तिला कोणी पहिल्यांदाच तिच्या कामाचं काही विचारलं होतं. ती एकदम फुलली.

"येते ना. घरचाच सर्व्हर होते. त्याच्यात लिनक्स टाका लागन."

"थे कुठं भेटते?"

"माही मैत्रीण आहे ना करिश्मा, अमरावतीच्या कॉलेजात, लॅबमदे. तिच्यापाशी तयार पेनड्राइव्ह राहते."

हे ती सहज बोलली, मनात पाप नव्हतं. लिनक्स म्हणजे काय, तर विंडोजसारखंच, कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ते. फरक इतका की ते फुकट, आणि एक नाही, शेकडो तऱ्हांचं, ज्याला जे पटेल ते त्यानं घ्यावं. इंटरनेटवरून कोणीही उतरवून घेऊ शकतो. पण घरचं नेट हळू, आणि करिश्माला भेटायचा मोह. तेवढ्यात गोवर्धनराव बाजेवरून म्हणाले, "हाव, जाऊन पाहूनच आण बाई. घरी बसून मागवलेलं रोप कधी जगत नाही." कुंदननं मान डोलावली. गुरुवारी दुकानावर हारांची झुंबड, दोघं बापलेक तिथंच अडकलेले असतात, तर तिनं गुरुवारी एकटीनं जाऊन यावं, असं ठरलं. आणि त्या क्षणाला प्रतीक्षाच्या तोंडाला कुलूप लागलं.

पहिल्या गुरुवारी ती अर्ध्या तिकिटात खिडकीपाशी बसली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, कोणाचा फोन नाही. लॅबमध्ये करिश्मा तिला पाहून किंचाळलीच. पेनड्राइव्ह भरायला लागली पंधरा मिनिटं, आणि दोघी बोलत बसल्या तीन तास. उबुंटू नावाचं लिनक्स घेतलं. दुसऱ्या दिवशी घरी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर तिनं जुन्या कॉम्प्युटरवर ते टाकलं आणि पहिला कॅमेरा जोडून पाहिला. जोडला गेला. पहिल्याच झटक्यात! आनंदानं टाळी वाजवणार, तर पडद्यावर स्वयंपाकघर उघडलं. रिकामं, ओटा पुसलेला, आणि ओट्यासमोर तिची उभं राहायची जागा. ती त्या जागेकडं पाहत राहिली. मग उठली आणि भिंतीतला प्लगच ओढून काढला.

संध्याकाळी कुंदननं विचारलं, "झालं?"

"नाही जमलं. मशीन जुनं आहे, झेपत नाही त्याले."

हे आपल्या तोंडून कसं निघालं, ते तिलाही कळलं नाही. आता हा फोनवर शोधेल, दहा प्रश्न विचारेल. पण कुंदनच्या आधी गोवर्धनरावच बोलले. गुलाबाचा डोळा भरण्यात त्या माणसाची पन्नास वर्षं गेली होती. एका झाडाची कळी काढून दुसऱ्याच्या सालीत बसवायची, आणि ती लागते की वाळते ते पाहत बसायचं. ते म्हणाले, "अरे, दहा डोळे भरले तर चार मरतेच. वाण बदलून पाय, बाई. मातीले मानवलं पाहिजे."

"म्हंजे पुन्हा जा लागन का इले?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"लागनच ना," कुंदन म्हणाला. "पुढच्या गुरुवारी जाऊ दे."

असं ते सुरू झालं. दुसऱ्या गुरुवारी मिंट आणलं. तिसऱ्या गुरुवारी फेडोरा. शेजारच्या बाया दारात विचारायच्या, "कुठं चालली वो सून?" तर मनकर्णाबाई लसूण सोलता सोलता सांगायच्या, "लिनक्साले. आमच्या घरी लागूनच नाही राहिलं." जणू काही देशी गुलाबाचं रोप. आणि प्रतीक्षा मान खाली घालून चपला शोधायची.

खरं सांगायचं तर सगळी लागत होती. एकूण एक. प्रतीक्षा आणलेलं प्रत्येक वाण मन लावून टाकायची, चालवायची, मोडायची, पुन्हा बसवायची, वहीत लिहून काढायची, आणि बुधवारी संध्याकाळी सगळं पुसून टाकायची. त्या जुन्या पेटीला ती जे सांगेल ते ती पेटी करत होती, आणि चुकलं तर काय चुकलं ते स्पष्ट सांगत होती. घरात दुसरं कोणी एवढं सरळ वागत नव्हतं. वरून कॅमेरे बंद. दुपारी ती पाय पसरून बसायची, मोठ्यानं गायची, एकदा तर ओट्यावर बसून चिंच खाल्ली. रात्री मात्र नवऱ्याच्या ताटात भाजी वाढताना तिचा हात जड व्हायचा, कारण कुंदन म्हणायचा, "थकली असशीन. बसचे धक्के खाऊन राहिली माह्यापायी." इतका भला माणूस, आणि आपण त्याला फसवून राहिलो! आणि तरी पुढच्या गुरुवारची वाट पाहणं काही सुटत नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी करिश्मा म्हणाली, "ऐक. आमच्या लॅबला एक माणूस पाहिजे. कॉलेजचे सर्व्हर पाहायचे, मुलांचे मशीन लावायचे. तू आत्ता घरी जे करून राहिली ना, तेच. अर्ज कर."

"वेडी झाली का?"

"तू झाली वेडी. हे सगळं शिकून घेऊन दर बुधवारी पुसून टाकते!"

अर्ज तिथंच बसून केला. मुलाखत निघाली तीन आठवड्यांनी, म्हणजे सहाव्या गुरुवारी, सकाळी अकराला. आता हिशेब एवढाच होता, की तोवर घरातलं लिनक्स लागता कामा नये. लागलं की कॅमेरे सुरू, कॅमेरे सुरू की गुरुवार बंद, गुरुवार बंद की नोकरी गेली. चौथ्या वेळी ओपनसुसे आणलं. पाचव्या वेळी डेबियन. डेबियनची तर छोटी फाईल मिळते, साडेसहाशे-सातशे एमबीची, मोबाईलवरसुद्धा अर्ध्या तासात उतरते. ते आणायला ती दोनशे किलोमीटर जाऊन-येऊन आली आणि बसमध्ये स्वतःशीच हसत राहिली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तेव्हा बाजूच्या बाईनं विचारलं, "माहेराहून येऊन राहिली का वो?" ती हो म्हणाली.

डेबियन लावलं त्या दिवशी गोवर्धनराव पहिल्यांदा पेटीजवळ येऊन बसले. बराच वेळ पडद्यावरची अक्षरं वर सरकताना पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "मनाले लावून नको घेऊ बाई. आपल्याच हाताले गुण नाही असं नको समजू." प्रतीक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या म्हाताऱ्याच्या पाया पडून सगळं सांगून टाकावं, असं ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं.

मग आला तो बुधवार. उद्या मुलाखत. निळी साडी इस्त्री करून ठेवलेली, सर्टिफिकेटं पिशवीच्या तळाशी, वर डबा. सहावं वाण कोणतं सांगायचं तेही ठरलेलं. संध्याकाळी कुंदन नेहमीपेक्षा लवकर आला, आणि येतानाच हसत होता.

"वळख, माह्या हातात काय आहे?"

मुठीत पेनड्राइव्ह होता.

"आपल्या दुकानाच्या बाजूचा पिंटू नाही का, मोबाईलवाला? त्याले सहज म्हणलं, बायको उद्या पुन्हा चालली लिनक्स आणाले. थो हसाले लागला. म्हणे, अरे हे तर फुकट राहते, नेटवर! त्याच्या दुकानात लाईन भारी आहे. दहा मिनिटात उतरवून दिलं. उबुंटू." तो तिच्यासमोर खाली बसला. "पाच खेपा केल्या तू, काहून नाही बोलली? तुलेही माहीत नसन म्हणा. आता जाऊ नको उद्या. बस झाले धक्के."

रागानं कोणी दार लावलं तर माणूस लाथ तरी मारतो. इथं मायेनं लावलेलं.

"उबुंटू मी पहिलंच लावलं होतं," ती कशीबशी म्हणाली. "आपल्या मशीनले नाही झेपत."

"पिंटू म्हणते झेपते. पाहू तर."

पिंटूनं एक व्हिडिओही दिला होता. कुंदन पेटीसमोर मांडी घालून बसला, मोबाईल टेकवला, आणि त्यातला माणूस सांगेल तसं एकेक करत गेला. भाषा निवडली. देश निवडला. जुनं सगळं पुसून टाकू का, असं पेटीनं विचारलं, त्यानं हो म्हटलं. पासवर्ड ठरवायची वेळ आली तेव्हा त्यानं डाव्या हाताचा आडोसा केला. "माह्यापाशी राहू दे. तुले काय करायचा?" प्रतीक्षानं नजर फिरवली. पाच वेळा त्या पेटीचा पासवर्ड तिचा होता. मग पडद्यावरची पट्टी भरायला लागली. मनातल्या मनात ती म्हणत होती, अडक, कुठंतरी अडक. आजवर ज्या पट्टीनं तिला कधी दगा दिला नव्हता, तिनं आजही दिला नाही. मनकर्णाबाई हात पुसत येऊन उभ्या राहिल्या, गोवर्धनराव आले. सगळं घर त्या पट्टीकडं पाहत होतं.

कॅमेरे जोडायचं मात्र व्हिडिओत नव्हतं. "हे तूच कर," कुंदन उठून म्हणाला.

ही एक फट होती. एक ओळ चुकवली असती तर सगळं पुन्हा अंधारात गेलं असतं. कोणाला कळलं नसतं. पण पाच वेळा एकटीनं नीट केलेलं काम, तीन माणसं पाहत असताना चुकवायला हातच तयार होईनात. तिचा अभ्यास आडवा आला म्हणा, अहंकार म्हणा, बोटं बरोबरच चालत राहिली. दार उघडलं. अंगण उघडलं. स्वयंपाकघर उघडलं. चौथ्या चौकोनात बैठकीची खोली आली, आणि तिच्यात चार माणसं. त्यांतली एक बाई पाठमोरी, पेटीसमोर खाली बसलेली, खांदे पडलेले.

"लागलं!" गोवर्धनराव लहान पोरासारखे ओरडले. "लागलं एकदाचं!"

"हे पाय, तू दिसून राहिली!" कुंदन म्हणाला. लगेच त्यानं आपल्या मोबाईलवर घर उघडून पाहिलं, मग तिचा मोबाईल घेऊन त्यावरही टाकून दिलं. "तुलेही राहू दे. स्वयंपाक करता करता दारावर कोण आलं थे दिसन." मनकर्णाबाई म्हणाल्या, "चला, सुटली बिचारी," आणि कढईत गोड शिरा करायला गेल्या.

प्रतीक्षा उठली आणि अंगणातल्या मोरीमागं जाऊन उभी राहिली. तेवढीच जागा कॅमेऱ्यात येत नव्हती. कुंदन मागोमाग आला.

"काय झालं वो? आनंद नाही झाला?"

"उद्या मले अमरावतीले जाचं आहे."

"काहून? लिनक्स तर आलं ना."

"लिनक्साले नाही. नोकरीची मुलाखत आहे, अकरा वाजता."

मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडत गेलं.

"मंग थे पाच?"

"पाचही लागले होते. पहिल्याच दिवशी."

वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो मोरीच्या कठड्यावर बसला आणि दोन्ही हातांनी गुडघे धरले.

"खोटं बोलली माह्याशी. पाच गुरुवार."

"खरं बोलली असती तर जाऊ दिलं असतं का?" तिनं पुढं सांगूनच टाकलं. "दोन वर्षांआधी म्हणलं होतं ना मी नोकरीचं? तुमी म्हणले, आईले विचारतो. मंग म्हणले, आई नाही म्हणते. तवापासून मी घरात काय काय करतो थे सगळं पाहता तुमी, दूध उतू गेलं तर दिसते तुमाले. मी उतू चालली थे नाही दिसलं."

आतून शिऱ्याचा वास येत होता आणि मनकर्णाबाई दोघांना हाका मारत होत्या. शेवटी तो जमिनीकडं पाहत म्हणाला, "जा. पण आई-बाबाले आज नको सांगू. लागली तर मी सांगीन. तू लिनक्सचंच म्हण."

म्हणजे सहाव्या वेळी ती खोटं बोलली ते नवऱ्याच्या सांगण्यावरून. सकाळी मनकर्णाबाईंनी विचारलं, "आता कायचं वो? लागलं ना काल?" तर तिनं सांगितलं, त्याचा एक तुकडा आणायचा राहिला. कुंदन चहाच्या कपात तोंड घालून बसला होता.

मुलाखतीत समोर तिघं होते. एकानं विचारलं, जुन्या मशीनवर काय काय चालवून पाहिलं? प्रतीक्षानं सांगायला सुरुवात केली आणि वीस मिनिटं सांगत राहिली. कोणतं किती जागा खातं, कोणतं कुठं अडून बसतं, अडलं तर कुठं पाहायचं, वही न उघडता. दुसऱ्यानं विचारलं, "मग आमच्या लॅबसाठी तुम्ही कोणतं निवडाल?"

"डेबियन. एकदा नीट लावलं की सारखं जाऊन पाहावं लागत नाही."

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. अर्ध्या तासानं सांगितलं, पत्र मेलवर येईल, सोमवारपासून या. सोमवार ते शनिवार, दहा ते पाच. करिश्मानं तिला जिन्यातच मिठी मारली. प्रतीक्षानं दुकानावर फोन लावला.

"झालं. सोमवारपासून."

पलीकडं गिऱ्हाईकांचा गलका होता. "झालं?" कुंदन म्हणाला. मग आवाज खाली आणून, "बरं झालं. आता जेवाले घरी जातो, दोन वाजता. तवा सांगतो आईले. बाबाले आज बरं नाही, घरीच आहे. दुकानावर पिंटू बसते तवर."

"नक्की?"

"म्हणलं ना, सांगतो."

दोघी मैत्रिणी स्टँडजवळ गिला वडा खायला बसल्या. प्लेट समोर आली, पण प्रतीक्षाचं लक्ष घड्याळाकडं. दोन वाजले तसा तिनं मोबाईल उघडला आणि चार चौकोन समोर आले. पहिल्यांदाच ती त्या घराबाहेर बसून ते घर पाहत होती. काय विचित्र वाटलं म्हणता! दारावर मोटरसायकल आली. कुंदन उतरला, पाय धुतले, बैठकीत आला. गोवर्धनराव बाजेवर. मनकर्णाबाई खाली सुपात काहीतरी निवडत बसलेल्या. कुंदन त्यांच्यासमोर उभा राहिला. आवाज येत नव्हता, पण तोंड दिसत होतं. तोंड मिटलेलंच होतं.

"बोलला का?" करिश्मानं विचारलं.

"नाही."

आईनं वर पाहून काहीतरी विचारलं. त्यानं मान हलवली. ताट आलं. जेवला. भाकरी मागून घेतली. हात धुतले. पुन्हा येऊन तसाच उभा राहिला, खिशात हात घालून, एका पायावरून दुसऱ्या पायावर. एकदा तोंड उघडलंसं वाटलं आणि प्रतीक्षानं मोबाईल जवळ ओढला, पण त्यानं ढेकर दिला होता. आणि मग, कसं कोण जाणे, त्याची मान वर झाली. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडं. तो थेट तिच्याकडं पाहत होता. काल आपणच तिच्या मोबाईलवर हे टाकून दिलं, हे त्याच्या चेहऱ्यावर आलेलं तिला अमरावतीत बसून दिसलं. तो घाईघाईनं पुढं आला, खांद्यावरचा दुपट्टा काढला, टाचा उंचावल्या आणि कॅमेऱ्यावर टाकला. चौकोन काळा झाला. दोन वर्षं रोज पाहणाऱ्या माणसाला अर्धा तास स्वतःला पाहू देणं सोसलं नाही.

दहा मिनिटांनी दारावरच्या चौकोनात मोटरसायकल परत गेली. करिश्मा म्हणाली, "दुपट्ट्याआड सांगितलं असेल गं." प्रतीक्षानं घरच्या नंबरावर सासूला फोन लावला.

"आत्याबाई, मी बोलून राहिली."

"भेटला का वो तुह्या लिनक्सचा तुकडा?"

म्हणजे नाहीच सांगितलं.

"आत्याबाई, तुकडा-बिकडा काही नाही. मी नोकरीच्या मुलाखतीले आली होती. नोकरी लागली. सोमवारपासून. अन् थे पाच लिनक्स सगळे लागले होते, मी खोटं बोलली. मामाजीले सांगा."

पलीकडं सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग मनकर्णाबाईंचा आवाज आला.

"मंग हा मेला खांबासारखा अर्धा घंटा उभा होता, थो हेच सांगाले का?"

"हाव."

"अन् नोकरीचं आत्ता आठवलं का तुले? चार वर्षं काय करून राहिली होती?"

"मी म्हणलं होतं ना दोन वर्षांआधी. तुमी नाही म्हणल्या."

"मी?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "मले कोणी विचारलं कधी?"

समोर अकोल्याची बस लागली होती, कंडक्टर ओरडत होता.

"गोड नको बोलू आता," सासू म्हणाली. "खोटं बोलली थे मी इसरनार नाही. अन् सकाळच्या बसनं जाशीन, तर दोन्ही टायमाचा स्वयंपाक कोण करन? चारले उठा लागन तुले. हार कोण गुंफन? ये घरी, मंग बोलू." आणि फोन ठेवला.

चारला उठायचं. दोन्ही वेळचं करून ठेवायचं. संध्याकाळी येऊन हार. आणि वरून चार कॅमेरे, दुपट्टा कधी ना कधी निघेलच. प्रतीक्षानं मनातल्या मनात सगळं मोजलं आणि करिश्माला म्हणाली, "सोमवारी येतो मी." मग बसमध्ये चढली. खिडकी मिळाली नाही.

बडनेरा सुटता सुटता कुंदनचा फोन आला. आईनं त्याला दुकानावर फोन करून झाडलं असावं, आवाज पार बसला होता.

"तू काहून सांगितलं? मी सांगणारच होतो."

"हाव," प्रतीक्षा म्हणाली. "मी पाहून राहिली होती."